पांचांचें पेय

घरीं पाहुण्यांपुढें ठेवावयाचें पेय हा इतिहासाचा विषय होऊं शकतो काय, असें वाचक विचारतील. सनदा व लढायांच्या तारखा जपणाऱ्या आपल्या लोकांनीं पेल्यांतील प्रमाणाची नोंद क्वचितच केली आहे, हें खरें. परंतु एका शब्दानें आम्हांस या वाटेस लाविलें.

इंग्रज वैद्य जॉन फ्रायर हा १६७५ मध्यें जुन्नरास जातांना कल्याणवरून गेला. १६९८ मध्यें लंडनला छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनांत गोव्यांतील नेरूळच्या अर्काची वाखाणणी आहे. त्या अर्काचें इंग्रज लोक जें पेय करीत, त्याचें 'पंच' हें नांव पांच जिन्नसांवरून पडलें, असें तो लिहितो. अर्क, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला हे ते पांच होत. ही व्युत्पत्ति सर्व कोशकारांस मान्य नाहीं. तरी कडक, आंबट, गोड, फिकें व सुगंधी यांचा तोल हें अशा पेयाचें सूत्र तींत सांपडतें.

विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत नांवारूपास आलेलें सफरचंदाच्या ब्रँडीचें 'जॅक रोझ' हें पेय त्याच सूत्राचें. चार भाग ब्रँडी, सुमारें दीड भाग लिंबाचा रस, एक भाग डाळिंबाचा पाक. घुसळतांना वितळणारें बर्फ हेंच त्यांतील पाणी. पाक अधिक गोड निघाला तर घरीं करणारा रस थोडाथोडा वाढवितो. कृति पुस्तकांत असते. शेवटचा निवाडा जिभेचा.

फ्रायरच्या वाटेवरील त्या कल्याणच्या शेजारींच लष्करी छावणीच्या बराकी होत्या. फाळणीनंतर तेथें सिंधमधील निर्वासित आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं वस्तीचें नांव उल्हासनगर झालें. त्याच वर्षीं मुंबई प्रांताचा दारूबंदीचा कायदा झाला. तथापि तेथील सिंधी घरांना पाहुणचारासाठीं अर्काची गरज नव्हती; त्यांच्यापाशीं थाधल होती. सिंधींत 'थधो' म्हणजे थंड. बदाम, खसखस, मगज, बडीशेप, मिरीं, वेलदोडे व गुलाबपाकळ्या भिजवून वाटावयाच्या, फडक्यांतून गाळावयाच्या आणि साखर घालून दुधांत मिळवावयाच्या. येथें लिंबू नाहीं. तोल मिऱ्याचा तिखटपणा व साखरेचा गोडवा यांत साधावयाचा. महाशिवरात्रीस तिचा विशेष मान.

सिंधूकांठची कोरडी उष्णता आणि कॅम्प ४ मधील कोंकणपट्टीचा दमट उन्हाळा हे एक नव्हेत. मिरीं किती, पाणी किती, हें नव्या हवेंत पुन्हां ठरवावें लागणें ओघानेंच आलें. घरें व शेतें मागें राहिलीं; हातांतील अंदाज तेवढा बरोबर आला. तो कोणत्याही दफ्तरांत नाहीं, आणि १९४७ सालीं जाणती असलेली पिढी आतां जवळजवळ उरली नाहीं.

म्हणून आमची विनंति एवढीच : ज्यांच्या घरीं असा जुना हात अजून आहे, त्यांनीं त्या हातची मूठ एकदां तराजूंत घालून वजन लिहून ठेवावें. मग आपल्या जिभेप्रमाणें फेरफार खुशाल करावेत.