मांडवीकाठचा चौक आणि टेकडीचा झरा

सन २०२४ च्या डिसेंबरात तलासरी-उधवा परिसरातील काही कुटुंबांसह आम्ही गोव्याला गेलो. निमित्त होते संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनाचे. ओल्ड गोव्यातील प्रार्थना आटोपल्यावर परतीच्या गाडीला अवकाश होता, म्हणून मंडळींना घेऊन आम्ही पणजीत मांडवीच्या काठी आलो. पाण्याचा तो पसारा पाहून मुले हरखली. वडीलधारी मात्र सावली शोधत नदीजवळच्या आझाद मैदानात विसावली. त्या दोन तासांत पणजीने आम्हांला जे सांगितले, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटले.

उधव्याच्या माणसाला पणजीचा इतिहास अगदीच परका नाही. नगर हवेलीचा मुलूख मराठ्यांनी १७८३ साली पोर्तुगीजांना दिला, पाठोपाठ १७८५ साली दादराही त्यांच्याकडे गेले. तेव्हापासून १९५४ पर्यंत हद्दीपलीकडील आमच्या सोयऱ्याधायऱ्यांवरचे राज्य गोव्याहून चालत होते. पोर्तुगीज व्हाइसरॉय १७५९ मध्ये रोगराईने उजाड झालेले ओल्ड गोवा सोडून मांडवीकाठच्या आदिलशाही वाड्यात राहावयास आले आणि १८४३ साली पणजी अधिकृतपणे राजधानी ठरली. म्हणजे आमच्या शेजारच्या पाड्यांवर बजावला जाणारा हुकूम याच काठावरून सुटत असे.

आझाद मैदानाच्या मध्यभागी एक घुमटी आहे. ओल्ड गोव्यातील डॉमिनिकन संन्याशांच्या पडक्या चर्चचे खांब आणून ती उभारली गेली. देवमंदिराचा भार वाहिलेल्या त्या खांबांखाली पुतळा बसविला तो मात्र १५१० साली गोवा जिंकणाऱ्या आफोन्सो द अल्बुकर्कचा! गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. पुतळा गेला, खांब राहिले. आज तेथे डॉ. त्रिस्ताँव ब्रागांझा कुन्हा यांचे स्मारक आहे. चांदर गावच्या ख्रिस्ती घराण्यात १८९१ साली जन्मलेल्या या पुरुषाने १९२८ मध्ये गोवा काँग्रेस कमिटीची स्थापना केली. सन १९४६ मध्ये त्यांना अटक झाली, आठ वर्षांची शिक्षा झाली आणि पोर्तुगालमधील पेनिश किल्ल्यात त्यांना डांबण्यात आले. तेथून सुटून ते अखेर मुंबईस आले, पण गोव्याची मुक्ती पाहण्यापूर्वीच १९५८ साली त्यांनी देह ठेवला. त्यांचे अवशेष १९८६ मध्ये या चौकात आणले गेले. आपला ख्रिस्ती धर्म परकीय सत्तेशी बांधलेला आहे, असे म्हणणाऱ्यांना या घुमटीखाली उभे करावे.

तेथून आम्ही आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी फोंतेन्हास वस्तीकडे वळलो. या नावाचा पोर्तुगीज अर्थ ‘लहान झरे’. तेथील जुन्या झऱ्याला फोंत फिनिक्स म्हणतात. त्याच टेकडीच्या पायथ्याचा दुसरा झरा ‘बोका द व्हाका’, म्हणजे गाईचे मुख. आपल्या गोमुखाचेच हे भावंड, हे ऐकून मंडळींना मोठे नवल वाटले.

आमच्यातील एक मावशी बराच वेळ गप्प होत्या. त्यांनी हळूच विचारले, “फादर, झरा दिसला, पण हंडा घेतलेलं कुणीच कसं दिसत नाही?” आम्ही सांगितले की, आता घरोघरी नळ आहेत, पाणी ओपा येथून येते. मावशी म्हणाल्या, “मग यांनी झऱ्याचं नाव ठेवलं, ते बरं केलं.” वैशाखात डोक्यावर हंडे घेऊन चढण चढलेल्या त्या माउलीला नावाचे मोल आमच्यापेक्षा अधिक कळत होते.

लॅटिन भाषेत ‘फोन्स’ म्हणजे झरा. ‘फोंत’ हा शब्द त्यातूनच आला आणि चर्चमधील बाप्तिस्म्याच्या कुंडालाही तेच नाव आहे. झऱ्यावर येणाऱ्याची जात विचारावी की तहान पाहावी, हा प्रश्न प्रभू येशूने शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागून कायमचा सोडविला. परंतु ख्रिस्तसभेतील माणसे तो धडा नेहमीच गिरवीत आली, असे आम्हांला म्हणवत नाही.

फोंतेन्हासमध्येच संत सेबास्तियन यांचे कपेल आहे. तेथील क्रूसावर प्रभूचे मस्तक झुकलेले नाही. डोळे उघडे आहेत. हा क्रूस ओल्ड गोव्यातील इन्क्विझिशनच्या वाड्यातला. ज्यांची चौकशी चाले, त्यांच्यापुढे तो असे. गोव्यात १५६० साली सुरू झालेले हे न्यायपीठ १८१२ साली कायमचे बंद झाले. तेव्हा क्रूस पणजीच्या राजवाड्यात आला आणि १९१८ साली या कपेलात.

एका मुलीने विचारले, “फादर, येशूचे डोळे उघडे का?” खरे सांगतो, क्षणभर आमची जीभ अडखळली. यात्रेला आलेल्या साध्या भाविकांपुढे धर्माच्या नावाने झालेल्या छळाची गोष्ट काढावी का? श्रद्धा डळमळली तर? मग आठवले, पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी रोममध्ये ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पापांबद्दल सर्वांसमक्ष देवाची क्षमा मागितली होती. जे परमगुरूंना लाजिरवाणे वाटले नाही, ते आम्ही का झाकावे? आम्ही सर्व सांगितले. मंडळी निमूटपणे ऐकत होती. मग मावशीच म्हणाल्या, “माणसं चुकली, तो बघत होता.”

सेमिनरीत आम्ही इतिहासाचे जाडजूड ग्रंथ वाचले, पण असे भाष्य कोठे वाचल्याचे स्मरत नाही. जेत्याचा पुतळा हलविता येतो, घुमटी दुसऱ्याच्या स्मृतीला देता येते. पण त्या क्रूसाची उघडी दृष्टी हलविता येत नाही. ती जशी भूतकाळावर आहे तशी आमच्यावरही आहे. आमच्या गावच्या विहिरीवर कोणाचा हंडा शेवटी भरतो, हेही ती पाहते.

गाडी उत्तरेकडे निघाली. मावशींनी झऱ्याजवळचा एक खडा पदराच्या गाठीला बांधून घेतला होता. आम्ही विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही.