शेगडीच्या नळीची कुळकथा

थंड देशांतली लाकडाची शेगडी खोलीतलीच हवा ओढून जळते. एक किलो सुक्या लाकडाला पुरतं जळायला साधारण ५ घनमीटर हवा लागते; प्रत्यक्षात शेगडी त्याहून बरीच जास्त ओढते. जुन्या घरांत ही हवा दारा-खिडक्यांच्या फटींतून मुकाट येत असे, त्यामुळे तिचा हिशेब कुणी मांडला नाही.

फ्रान्सच्या निकोला गोजे यांनी १७१३ च्या पुस्तकात बाहेरची हवा चुलाणामागून तापवून खोलीत आणण्याची युक्ती सांगितली होती. बेंजामिन फ्रँकलिन यांना ती ठाऊक होती. १७४४ मध्ये त्यांनी आपल्या लोखंडी शेगडीची माहितीपुस्तिका काढली. या शेगडीत जमिनीखालून आलेली हवा विस्तवामागच्या पेटीत तापून खोलीत येई. पण ती हवा खोलीसाठी होती, विस्तवासाठी नव्हे.

माझ्या मते बाहेरची हवा थेट विस्तवाला पुरवणाऱ्या नळीचं खरं मूळ १७८५ च्या एका पत्रात आहे. ७९ वर्षांचे फ्रँकलिन फ्रान्सहून जहाजाने परतत होते. व्हिएन्नाचे वैद्य यान इंगेनहाउझ यांना धुरकट खोल्यांबद्दल त्यांनी लांबलचक पत्र लिहिलं. नवी घरं घट्ट बांधली जातात, हवा आत येत नाही, मग धूर वर कसा जाणार? त्यांनी परीक्षाही सांगितली: मध्यम विस्तव ठेवून दार हळूहळू लोटत न्या. धूर खोलीत येऊ लागला की दार किंचित उघडा. धूर थांबेल तिथे दार धरून फट मोजा. दार ८ फूट उंच आणि फट अर्धा इंच असेल, तर खोलीला ४८ चौरस इंचांची, म्हणजे ६ बाय ८ इंचांची वाट हवी. विस्तवाची भूक अशी दाराच्या फटीने मोजणं मला फार मोलाचं वाटतं.

पुढे कोळसा, तेल, गॅस आले आणि हा प्रश्न मागे पडला. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत लाकडाच्या शेगड्या परतल्या, पण घरं आता उष्णता राखायला कडेकोट बंद केलेली. स्वयंपाकघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा सुरू केला की धुराड्यातून धूर उलटा घरात येई, सोबत जीवघेणा कार्बन मोनॉक्साइडही. मग बाहेरची हवा नळीने थेट अग्निकोठडीत सोडू लागले.

या नळीचं बाहेरचं तोंड अग्निकोठडीपेक्षा उंच ठेवत नाहीत. तसं ठेवलं आणि वाऱ्याने उलटी ओढ लागली, तर तीच नळी धुराडं बनते.