कॅन्सर, सूज की गाठ? गुडघ्याच्या एका आजाराच्या नावाची गोष्ट

आजची गोष्ट एका आजाराच्या नावाची आहे. नाव जरा लांबलचक आहे, सावकाश ऐका: पिगमेंटेड व्हिलोनोड्युलर सायनोव्हायटिस. डॉक्टर लोक त्याला नुसतं पीव्हीएनएस म्हणतात. दर दहा लाख माणसांमागे वर्षाला साधारण दोघांना होणारा हा आजार. बहुतेकांना तो गुडघ्यातच होतो, आणि तोही ऐन तरुण किंवा मध्यम वयात.

आधी गुडघ्याच्या आत डोकावूया. सांध्याला आतून एक पातळ अस्तर असतं, त्याला सायनोव्हियम म्हणतात. सांध्याला वंगण पुरवायचं काम त्याचं. पीव्हीएनएसमध्ये हे अस्तर जाड होतं, त्याला झालरी फुटतात, गाठी येतात. या झालरी नाजूक, त्यामुळे आतल्या आत रक्त झिरपतं. रक्तातलं लोह अस्तरात साठतं आणि ते तपकिरी होतं. गुडघ्यातलं पाणी सुईने काढलं, तर तेही बरेचदा चॉकलेटी-लालसर निघतं. नावातलं ‘पिगमेंटेड’ आलं ते इथून.

आता चला पॅरिसला. साल १८५२. शासेन्याक नावाच्या सर्जनने बोटांच्या स्नायुबंधांवरच्या आवरणात आलेल्या गाठींचं वर्णन केलं आणि त्यांना चक्क कॅन्सर म्हटलं. त्याला दोष देऊन उपयोग नाही. गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची पद्धत तेव्हा जेमतेम रुजत होती. पण पुढची कित्येक वर्षं या गाठींना ज्याने त्याने आपापलं नाव दिलं. कुणी सार्कोमा म्हणालं, कुणी झँथोमा, कुणी जायंट सेल ट्यूमर.

तुम्ही म्हणाल, नावात काय एवढं? तर विचार करा. सार्कोमा म्हणजे हाडामांसाचा कॅन्सर. त्या काळात गुडघ्याला सार्कोमा आहे असं निदान झालं, तर गोष्ट पाय कापण्यापर्यंत जायची. कागदावरचा एक शब्द, आणि माणसाचा पाय पणाला!

हा गोंधळ निस्तरला १९४१ साली, न्यूयॉर्कमध्ये. हेन्री जाफे, लुईस लिक्टेनस्टाइन आणि चार्ल्स सुट्रो या तिघांनी सांगितलं की बोटातली गाठ आणि गुडघ्यातलं झालरदार अस्तर ही एकाच आजाराची रूपं आहेत. पीव्हीएनएस हे नाव त्यांचंच. त्यांचं म्हणणं असं, की हा कॅन्सर नाही, ही एक प्रकारची सूज आहे. नावाच्या शेवटी ‘आयटिस’ आहे ना, त्याचा अर्थच सूज.

मग प्रश्न आला, सूज येते कशाने? १९५४ साली कुत्र्यांच्या गुडघ्यात पुन्हा पुन्हा रक्त टोचून प्रयोग झाले आणि अस्तर बरंचसं तसंच दिसू लागलं. म्हणजे रक्तस्रावच कारण? पण हिमोफिलियाच्या रुग्णांच्या सांध्यात तर वर्षानुवर्षं रक्त साचतं. त्यांचं अस्तर तपकिरी होतं, सुजतं, तरी नेमका हा आजार काही दिसत नाही. गाडं इथेच अडलं.

उत्तर मिळालं २००६ साली, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात. गाठीतल्या मोजक्याच पेशींमध्ये क्रोमोझोम १ आणि २ यांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली आढळली. त्यामुळे त्या पेशी सीएसएफ-१ नावाचं प्रथिन भरमसाट बनवत सुटतात. या प्रथिनाचं काम म्हणजे शरीरातल्या मॅक्रोफेज पेशींना बोलावणं. म्हणजे लग्नघर एकाचं, पण मांडवात गर्दी सगळी पाहुण्यांची! गाठीत खऱ्या बिघडलेल्या पेशी साधारण २ ते १६ टक्के, बाकीच्या नुसत्या बोलावलेल्या.

म्हणूनच इतकी वर्षं वाद मिटत नव्हता. ज्यांनी गर्दी पाहिली त्यांना सूज दिसली. ज्यांनी वाढत जाणारी गाठ पाहिली त्यांना ट्यूमर दिसला. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात मुख्य नाव ठरलं टेनोसायनोव्हियल जायंट सेल ट्यूमर. ट्यूमर खरा, पण सौम्य.

या ‘सौम्य’ शब्दाने मात्र गाफील राहू नका. सौम्य म्हणजे सहसा शरीरभर पसरत नाही, एवढंच. सांध्याची वाट तो लावू शकतो. कूर्चा झिजते, हाड पोखरलं जातं. एकच गाठ असेल तर ऑपरेशनने बहुधा काम भागतं. सगळं अस्तर व्यापलं असेल तर ते काढूनही आजार परत येण्याची शक्यता बरीच असते.

पण शत्रूचं नाव कळलं की नेम धरता येतो. सीएसएफ-१ चा निरोप पोचूच द्यायचा नाही, या कल्पनेवर पेक्सिडार्टिनिब हे औषध तयार झालं. १२० रुग्णांच्या चाचणीत २५ आठवड्यांनी औषध घेणाऱ्या ३९ टक्के लोकांची गाठ लक्षणीय आकसली, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी एकाचीही नाही. २०१९ मध्ये अमेरिकेने त्याला परवानगी दिली, पण यकृताला गंभीर इजा होऊ शकते, अशा ठळक इशाऱ्यासह. युरोपने २०२० मध्ये नकार दिला. जीव न घेणाऱ्या आजारासाठी यकृत किती धोक्यात घालायचं, हा तिढा होता. २०२५ मध्ये अमेरिकेत विम्सेल्टिनिब हे त्याच वाटेवरचं दुसरं औषध मंजूर झालं.

शेवटी तुमच्या कामाचं. एकच गुडघा महिनोन्‌महिने सुजतोय, मार लागलेला आठवत नाही, एक्स-रे ठीक आहे, तर ‘खेळताना मुरगळला असेल’ म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडे अशा गुडघ्यात आधी क्षयरोगाची शंका येते, आणि ती रास्तच आहे. पण एमआरआयमध्ये साठलेलं लोह काळ्या डागांसारखं दिसतं, आणि अस्तराचा तुकडा तपासला की निदान पक्कं होतं. डॉक्टरांना तेवढं जरूर विचारा.

आजच्यापुरतं इतकंच. गुडघे सांभाळा, भेटू पुढच्या भागात!