मुंबईचे बॅरिस्टर, लंडनचे खासदार

दादाभाई नौरोजींचे नाव शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण १८९५ साली दादाभाई निवडणूक हरले, त्याच निवडणुकीत मुंबईचेच दुसरे एक पारशी गृहस्थ ब्रिटिश पार्लमेंटात गेले, हे किती जणांना माहीत आहे? ते मंचेरजी भावनगरी.

जन्म १८५१ चा, मुंबईचा. १८८५ साली ते लंडनला बॅरिस्टर झाले आणि काही वर्षांनी तिथेच स्थायिक झाले. बेथनल ग्रीन या कामकरी वस्तीत त्यांनी जॉर्ज हॉवेल या एकेकाळच्या गवंड्याला, मजुरांच्या पुढाऱ्याला, १६० मतांनी हरविले. १९०० साली ते पुन्हा निवडून आले.

मंचेरजी हुजूरपक्षाचे, साम्राज्याचे अभिमानी. साहजिकच काँग्रेसवाल्यांना ते सलत. पण दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी माणसाचे गाऱ्हाणे आले की हेच गृहस्थ आपल्याच पक्षाच्या मंत्र्यांना धारेवर धरीत.

१९०६ साली त्यांची जागा गेली. त्याच वर्षी गांधीजी ट्रान्सव्हालचे गाऱ्हाणे घेऊन लंडनला आले. लॉर्ड एल्गिनपुढे गेलेल्या शिष्टमंडळात दादाभाई होते, आणि मंचेरजीही होते. १९३३ साली ते वारले. माणसाला नुसत्या पक्षाच्या शिक्क्यावरून तोलू नये, एवढे तरी त्यांच्या चरित्रावरून ध्यानात घ्यावे.