वाळणे, कुजणे आणि गळणे

माणूस गेला की आपली भाषा फार जपून बोलते. कुणी कैलासवासी होतो, कुणाला देवाज्ञा होते. पण जिवंत देहातलाच एखादा भाग मरतो, तेव्हा ‘सडला’ एवढ्या एकाच शब्दावर आपण भागवतो. वास्तविक या मरणाच्याही परी आहेत, आणि त्या ओळखण्यावर प्राण अवलंबून असतात. कृष्णाकाठचा इतिहास याला साक्षी आहे.

डॉक्टर विल्यम वानलेस १८८९ साली हिंदुस्थानात आले. आधी सांगलीत काम करून ते मिरजेस गेले, आणि १८९४ मध्ये तेथे त्यांचे रुग्णालय सुरू झाले. काळा पडलेला पाय समोर आला की शस्त्रवैद्याचा पहिला प्रश्न असतो : हा वाळला आहे, की कुजला आहे? रक्ताचा ओघ हळूहळू आटला आणि जंतू शिरले नाहीत, तर बोट तासगावच्या बेदाण्यासारखे आक्रसते. जिवंत आणि मृत भागांत स्पष्ट रेघ उमटते. हा शुष्क कोथ. येथे थोडे थांबता येते. जंतू शिरले की तोच ओला कोथ होतो. सूज, दुर्गंधी, ताप येतो, रेघ पुसली जाते आणि विष रक्तात उतरते. तिसरा वायुकोथ. मातीतले जंतू खोल जखमेत वाढतात, मांसात वायू धरतो आणि बोटाने दाबताच ते चुरचुरते. येथे दिवस नव्हे, तास मोजायचे असतात.

त्याच १८९४ साली हाँगकाँगमध्ये येर्सँ यांनी प्लेगचा जंतू शोधला. दोनच वर्षांत ती साथ मुंबईत उतरली. प्लेगमध्ये काखेतली वा जांघेतली गाठ आतल्या आत रक्ताळून मरते. कित्येकांच्या बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या गोठून बोटे काळी पडतात. सातारा जिल्ह्यातील नायगावच्या लेकीने, सावित्रीबाई फुले यांनी, पुण्यात या रोग्यांची शुश्रूषा केली आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने देह ठेवला.

क्षयाचे मरण याहून निराळे. फुप्फुसाचा मेलेला भाग खव्यासारखा भुसभुशीत होतो. मिरजेजवळच्या वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले, तेव्हा मोकळी हवा आणि विश्रांती हीच मुख्य औषधे होती. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले. तरीही उपचार महिनोन्‌महिने चालतात. कारण त्या ‘खव्यात’ रक्तवाहिन्याच नसतात आणि औषध आत सावकाश झिरपते. रक्त तुटलेले हृदयाचे मांस काही दिवस आपला आकार टिकवते, तर मेंदूचे पाणी होते. जसा अवयव, तसे त्याचे मरण.

पण प्रत्येक मरण रोगाचे नसते. १९७२ साली कर, वायली आणि करी या तिघांनी एका शांत मरणाला नाव दिले : ॲपोप्टोसिस. मूळ ग्रीक अर्थ पानगळ. रोगाने मरणारी पेशी फुगते, फुटते आणि शेजाऱ्यांना दाह देते. ही पेशी मात्र आवरती घेते, लहान होते आणि शेजारच्या पेशी तिला सामावून घेतात. गर्भात आपली बोटे सुटी झाली, ती मधल्या पेशी अशा गळून गेल्या म्हणून.

दिवाळीत ज्या बोटांनी आपण पणती लावतो, ती बोटे अशा मरणांनीच घडवली आहेत. वाळणे ओळखावे, कुजणे वेळीच रोखावे. गळण्याला मात्र नमस्कार करावा.