प्रेस्टनफील्डचा पाहुणचार

एडिंबरो शहरांत, आर्थर्स सीट या टेकडीच्या पायथ्याशीं, प्रेस्टनफील्ड नांवाची जुनी हवेली आहे. आज तेथें उंची हॉटेल चालतें; परंतु तिचा पाया राखेवर घातला गेला आहे. १६८१ सालीं पोपविरोधी दंग्याच्या भरांत विद्यार्थ्यांनीं नगराध्यक्ष सर जेम्स डिक यांचें येथील मूळ घर जाळिलें. त्याच जागीं १६८७ मध्यें ही हवेली उभी राहिली.

पुढें याच घराण्यांतील सर अलेक्झांडर डिक या वैद्यांनीं तिला वेगळीच कीर्ति मिळवून दिली. १७५९ सालीं बेंजामिन फ्रँकलिन त्यांचे पाहुणे झाले. १७७३ सालीं डॉक्टर जॉन्सन बॉस्वेलसह येऊन गेले. रेवाचिनीचें मूळ तेव्हां दूरदेशांतून येई व रेचक म्हणून महाग विके. ती स्वदेशीं उत्तम पिकविल्याबद्दल सर अलेक्झांडर यांस १७७४ सालीं सुवर्णपदक लाभलें. आज हॉटेलांतील भोजनगृहास तिचेंच नांव आहे. कालचें कडू औषध आजच्या चैनीचें भूषण झालें!

याचें आम्हांस हंसूं येत नाहीं. जुनीं घरें जगावयाचीं तर त्यांचा खर्च कोणीतरी सोसलाच पाहिजे, आणि पैसे मोजून येणारा पाहुणा तो सोसतो. त्यानें मात्र जेवतांना पदकाबरोबर आगही आठवावी. ज्या जागीं परदेशी तत्त्वज्ञास मान मिळाला, तेथेंच पूर्वीं धर्मद्वेषानें मशाल लाविली होती, हें जाणल्यावांचून त्या पाहुणचाराचें खरें मोल कळावयाचें नाहीं.