अ‍ॅडाची कुळकथा
ओझरच्या विमान कारखान्यात बनलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी झेप घेतली. स्वभावतः अस्थिर अशा या विमानाला क्षणोक्षणी सावरून धरणारी आज्ञावली मुळात ज्या भाषेत रचली गेली, त्या अ‍ॅडाचे कूळ शोधू जाता वाट अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या दप्तरात जाते. सत्तरच्या दशकात त्या खात्यात साडेचारशेहून अधिक संगणकभाषा नांदत होत्या. ही बजबजपुरी मोडण्यासाठी १९७५ साली समिती नेमण्यात आली, नव्या भाषेसाठी मागण्यांचे खलिते निघाले आणि ज्यां इश्बिया या फ्रेंच गृहस्थाच्या चमूचा मसुदा १९७९ साली पसंत पडला. भाषेच्या मानकाचा क्रमांकही, तिला जिचे नाव दिले त्या गणिती लेडी अ‍ॅडा लव्हलेस हिच्या जन्मसालावरून, १८१५, असा ठेवला. सरकारी दप्तराला इतके कौतुक क्वचितच सुचते. १९८७ साली युद्धसामग्रीसाठी या भाषेची सक्ती करणारे फर्मान सुटले.

वैमानिकांच्या सरावासाठी उड्डाणाचा आभास उभा करणारे सिम्युलेटर बांधणाऱ्या, फोर्ट्रान या जुन्या भाषेला सरावलेल्या मंडळींची या सक्तीने पंचाईत झाली. शिकाऊ वैमानिकाने दांडी ओढली की तिची स्थिती वाचावयाची, पंखांवरील बले काढावयाची, नवा वेग नि दिशा गणून तबकड्या व समोरचे दृश्य हलवावयाचे, आणि हे सारे सेकंदाच्या अल्पांशात, अखंड. उशीर झाला तर दृश्य अडखळते आणि आपलाच हात चुकला असे समजून वैमानिक भलतीच दुरुस्ती करू लागतो. आता अ‍ॅडातील ‘डिले’ ही आज्ञा पाहावी: वीस मिलिसेकंद थांब असे फर्मावले, तर निदान तेवढे थांबण्याची हमी ती देई; फार तर किती, याविषयी अवाक्षर नाही, आणि फेरीगणिक जादा थांब्याची ही उधारी साचत जाई. म्हणून कित्येकांनी समांतर कार्यांची या भाषेची ऐटदार सोय बाजूस ठेवून घड्याळाच्या ठोक्यावर चालणारे जुनेच चक्र अ‍ॅडात पुन्हा बांधले, वेगासाठी तिच्या सुरक्षा-तपासण्याही बंद केल्या. ज्या गुणांसाठी सक्ती झाली, तेच गुण तिच्या तामिलीत गहाण पडले. १९९५च्या आवृत्तीत ‘अमुक घटकेपर्यंत थांब’ अशी आज्ञा आली, आणि भाषा या कामास लायक होते न होते तोच, १९९७ साली, फर्मान मागे घेण्यात आले.

तेजस घडवणाऱ्या बंगळुरूच्या अभियंत्यांवर त्या अमेरिकी फर्मानाचे बंधन कधीच नव्हते. तरी त्याच्या उड्डाण-नियंत्रणासाठी त्यांनी अ‍ॅडाच पत्करली. भारताच्या १९९८च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने या कामातील साह्याचा हात आखडला, तेव्हा नियंत्रणाचे नियम त्यांनी येथील सिम्युलेटरवर घासूनपुसून घेतले आणि ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल तेजसचा पहिला नमुना घेऊन उडाले.